साडेदहाला पहिली, तीनला बाहेर

मंगळवार, ४ एप्रिल १९७८, दुपारचे तीन वाजून दोन मिनिटे. एका गावच्या शाळेत ग्रामपंचायत निवडणुकीचे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याने फाइलीची नाडी बांधली आणि समोरच्या कौसाबाईंना सांगितले, "वेळ संपली." कौसाबाई त्या खोलीत सकाळी साडेदहापासून उभ्या होत्या. रांगेत पहिल्या.

प्रवासवर्णन निसर्गापासून सुरू करतात हे मला ठाऊक आहे. निसर्ग पुढे येईल. तोही कोरडाच आहे.

कौसाबाईंची माझी ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. खडी फोडण्याच्या कामावर मी मजुरांना सुकडीचा कोरडा खाऊ वाटायला गेले होते आणि या बाईने मुकादमाला आपला ढीग पुन्हा मोजायला लावला होता. यंदा त्यांचे पत्र आले. बौद्धवाड्यातला हातपंप दोन वर्षे मोडून पडला आहे, पाणी शेतमालकाच्या विहिरीवर आणि मालकाच्या मर्जीवर. राखीव जागेवरचा सभासद मालकाच्याच बैठकीत ठरतो आणि अंगठा उठवून घरी जातो. "मला उभं राह्यचंय. शिकवायला या." मी निवृत्त मुख्याध्यापिका. शिकवायला या म्हटले की माझी पिशवी आपोआप भरते.

शनिवारी औरंगाबादहून निघाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: सकाळची पहिली एसटी धरा, नंतरच्या गाडीत उन्हाबरोबर कोंबड्याही असतात. जालन्याच्या स्टँडवर भजी गरम असतील तरच घ्या. मोसंबी मात्र घ्याच, पुढे तिचाच आधार. गाडी बदलून हसनाबादच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी राने, त्यांत पावलाएवढ्या भेगा. शेवटचे तीन मैल बैलगाडीने. गाडीवाल्याने पैसे घेतले नाहीत. "कौसाबाईच्या बाई ना तुम्ही? मंग कशाचा खर्चा?" गावाचे नाव मी लिहीत नाही. ज्यांना पत्र गेले आहे त्यांना ते माहीत आहे.

रविवार-सोमवार समाजमंदिरात वर्ग भरला. मतदारयादीत नाव कसे शोधायचे, अर्जात कुठे काय लिहायचे, सूचकाने सही कुठे करायची, प्रचाराला गेल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे. कौसाबाईंनी अर्ज पाटीवर अकरा वेळा लिहिला. सूचक त्यांच्या सासूबाई, गिरजाबाई. त्यांनीही पाटीवर नाव गिरवले. "अंगठा नगं. अंगठेवाले लई झाले पंचायतीत." जेवायला भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी. पाहुण्यांनी पहिल्या घासाला पाणी जवळ ठेवावे.

मंगळवारी शेवटचा दिवस. सासू-सून आत गेल्या. मला कारकुनाने हटकले, "बाहेरगावच्यांनी आवाराबाहेर." मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. दारातून नुसत्या पाठी दिसत. तीनला घंटा झाली तेव्हा मी आत शिरले, कोणाला न विचारता.

"या साडेदहापासून इथे आहेत," मी म्हणाले.

"असतील. टेबलापर्यंत आल्या न्हाईत," अधिकारी.

"दार बंद करताना जो आत उभा आहे त्याला बाहेर काढायचे, हे कोणत्या नियमात बसते?"

"बाई, रिटायर झालात ना? देवदर्शन करा."

"देवाकडे नंतर जाईन. आधी तुमचा कागद. अर्ज नाकारला असे लिहून द्या."

"नाकारला कुठं? आलाच न्हाई तर नाकारू कसा?"

इतका गुळगुळीत अन्याय मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. कागद नाही म्हणजे तक्रारीला टेकू नाही.

बाहेर कडुलिंबाखाली मी कौसाबाईंवरच ओरडले. "पहिल्या होतात ना तुम्ही?"

"होते की. मंग मालक आले. त्याह्यच्या रानात मी कामाला जाते, त्याह्यला म्हणलं जा. मंग आमचे चुलत जेठ आले, थोरले दीर. जेठासमोर कसं उभं राह्यचं? भिंतीकडं तोंड केलं. त्याह्यच्या मागून बाकीचे घुसले. कारकून म्हणे, तुमचं बिलकुल शेवटी घेऊ, जल्दी काय हाय?"

गिरजाबाईंनी माझ्याकडे बोट केले. "तुमच्या त्या पाटीवर हे कुठं होतं, बाई?"

नव्हते. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पाण्याच्या नळापासून प्रार्थनेपर्यंत रांगेत उभे करत. मधे घुसलेल्या मुलीच्या बोटांवर पट्टी बसे, मग ती कलेक्टरची का असेना. रांग ही शिकवायची गोष्ट आहे हे मला कधी सुचलेच नाही. आणि त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला मात्र पक्के ठाऊक होते की ही बाई बाजूला सरकणार. त्यांनी तेवढीच वाट पाहिली.

बुधवारची परतीची गाडी मी सोडली. अंगणात वर्ग घेतला. गिरजाबाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, काठी घेतली आणि मालकासारखे खाकरत आल्या. कौसाबाई सरकल्या. पुन्हा आल्या, या वेळी जेठ होऊन. कौसाबाईंचा हात पदराकडे गेला, पाय भिंतीकडे. तिसऱ्या वेळी सासूने सुनेला काठीने ढोसले.

"व्हय बाजूला!"

"न्हाई होत. माझा नंबर हाय."

"अशी!" सासू टॉवेल काढत म्हणाली. "आता माझ्यासमोर घरात नको करू हे."

अख्खे अंगण हसले. मी हसले नाही. हे सोमवारी व्हायला हवे होते.

गुरुवारी घरी आले. पिशवीतून अर्जाची पाटी निघाली, न पुसलेली. ती मी टेबलावर ठेवली आहे आणि समोर बसून हे लिहिते आहे. त्या गावी जरूर जा. आमटी खा. बौद्धवाड्यातला पंप हलवून पाहा.

आणि अधिकारीमहाशय, तुम्हाला रजिस्टरने पाठवलेल्या पत्रातली मागणी इथे सर्वांसमोर पुन्हा मांडते. कौसाबाईंचा अर्ज वेळेत आला असे धरून दाखल करा. नाहीतर तो का घेतला नाही हे तुमच्या सहीशिक्क्याने लिहून द्या. लेखी उत्तर सोमवार, १७ एप्रिल, दुपारी तीनच्या आत हवे. ते घ्यायला कौसाबाई त्या दिवशी साडेदहालाच तुमच्या दारात उभ्या असतील. मागून मालक येऊ देत, जेठ येऊ देत. त्या सरकणार नाहीत.