अक्सोरियस सर

“हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही,” असं म्हणताना त्यांचं बोट वर जायचं. हातात वांगं असो की दुधाची पिशवी, बोट वर. वाईत आमच्या शेजारी राहणारे हे निवृत्त शिक्षक, इंग्रजीचे. मी चौथी शिकलेली. त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. बोलायला लागला की घरात दूध उतू जातं.

त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. बाई म्हसवडची, बाजरीच्या भाकरीवर वाढलेली. सरांनी स्वयंपाकीण ठेवली. तिची भाकरी हिनं खाल्ली नाही. मी नेऊन दिली, तीही नाही. बोलणं तर बंदच केलेलं. डाव्या हातानं ताट लांब सारायची आणि भिंतीकडे तोंड करायची. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न नाही तर औषध काय करणार?

एका सकाळी सर माझ्या दारात. “आक्का, मला भाकरी शिकवा.”

“माझी न्हाई खाल्ली, तुमची काय खाणार? तुमचा हात खडूचा.”

“बघू तरी.”

पहिली भाकरी मी उचलून बघितली. “सर, ही खायची का चुलीत घालायची? शेणी झालीया नुसती.”

ते हसले नाहीत. दुसरा गोळा मळायला घेतला. मळताना इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचे. मी म्हटलं, “पिठाला इंग्रजी कळत न्हाई. तळहाताचा जोर लावा.” रोज यायचे. कडा चिरायच्या, बोटं भाजायची. थोडी जमली की घरी न्यायचे, आणि ताट तसंच परत यायचं.

घाटावरच्या कट्ट्यावर ही बातमी पोचायचीच. मी भाजी घेऊन तिथून चालले होते, सर तिथंच बसलेले, तर त्यांचा एक मित्र ओरडला, “काय सर, पार बाईलवेडे झालात की!”

सरांचं बोट वर. “इंग्रजीत त्याला जुनं विशेषण आहे. अक्सोरियस.”

“तापाची गोळी वाटतीया,” मी म्हटलं.

“बायकोवर गरजेपेक्षा जास्त जीव असलेला, असा अर्थ. पण ते कौतुक नव्हे. दुसऱ्याला म्हणायचं, तेही हसून. स्वतःला कुणी म्हणवून घेत नाही.”

“आनि नवऱ्यापायी मरणाऱ्या बाईला काय म्हंत्यात?”

बोट वरच राहिलं. “तसा चालता शब्द आठवत नाही. शोधतो.”

“नका शोधू. तिला नुसतं बाई म्हंत्यात.”

मी घरी आले.

पुढं एकदा त्यांनी हाक मारली म्हणून धावत गेले. वाटलं, बाईचं काही बरंवाईट झालं. बाई उशीला टेकून बसलेली, हातात सरांच्या भाकरीचा तुकडा, तोंड हलतंय. किती दिवसांनी बोलली, तर काय म्हणाली?

“जाड हाय.”

“ऐकलंत आक्का? नावं ठेवली तिनं!” सर लहान पोरासारखे नाचायचे बाकी होते. “आता मला म्हणा अक्सोरियस. मीच म्हणतो. वापर चुकला तर चुकला.”

बाई रोज खायची आणि रोज नावं ठेवायची. करपली, कच्ची, जाड. भाकरी शेवटपर्यंत जाडच राहिली. माणसाला सगळंच कुठं जमतं?

मग सरच आधी गेले. झोपेत, कुणाला त्रास न देता. तो बायकांचा शब्द शोधायचा राहिला.

आता बाईला भाकरी मीच देते. पहिल्या दिवशी नेली ती चांगली पातळ, टम्म फुगलेली. बाईनं एक घास घेतला. मग डाव्या हातानं ताट लांब सारलं.

“पातळ हाय,” म्हणाली.

आयुष्यभर माझ्या भाकरीला कुणी नावं ठेवली नव्हती. घरी येऊन परत गोळा घेतला. कडा चिरू दिल्या. शेणीसारखी जाड थापली.

ती खाल्ली.