हीनाची दुपारची बॅच

हीना बावड्याची. तिथं तिचे वडील बादशाहभाई बांगड्यांचं दुकान चालवतात. पाठीला रिकामा डबा बांधून त्यांनीच तिला विहिरीत पोहायला शिकवलं. लग्न होऊन ती इंदापुरात आली आणि एका क्रीडा केंद्राच्या तलावावर बायकांना पोहणं शिकवू लागली.

काम सोपं नव्हतं. फिल्टर बंद पडून पाणी हिरवं झालं की सभासद तिलाच झाडायचे. डोक्याला तेल चोपडून आलेल्या बायकांना आधी अंघोळ करा म्हटलं की त्या रुसायच्या. पण एखादीनं पहिल्यांदा तोंड पाण्यात घालून वर काढलं, की तिच्या चेहऱ्याकडे बघून हीना बाकीचं सगळं विसरायची.

एकदा निरवांगीहून स्वरूपा आपल्या सासूला घेऊन आली. ठमाबाईंचं डावं अंग लकव्यानं गेलेलं. काठी टेकत चालायच्या, पण डावा हात छातीशी कायम मुडपलेला. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला होता. हीना त्यांना उथळ बाजूला कठड्याला धरून उभं करायची आणि पाय हलवायला लावायची. महिना गेला तरी फरक दिसेना.

मग एक दिवस घात झाला. हीना दुसऱ्या बाईचे पाय धरून दाखवत असताना मागं ठमाबाई पाण्याखाली गेल्या. हीनानं झेप घेऊन त्यांना वर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकून बेजार. घरी कळल्यावर मुलगा दिग्विजय तडक केंद्रावर आला.

"म्हाताऱ्या माणसाला असं सोडत्यात व्हय?" तो सगळ्यांसमोर ओरडला.

हीनानं पाठ फिरवली होती, हे खरंच होतं. व्यवस्थापक यशराजसरांनी तिची दुपारची बॅच बंद केली. घरी तिचा नवरा तौसिफ म्हणाला, "एवढा मनस्ताप कशाला? सोडून दे." तिनंही तसंच ठरवलं.

राजीनामा द्यायला ती केंद्रावर गेली, तर यशराजसरांसमोर ठमाबाई बसलेल्या.

"पोरीची चूक न्हाय," त्या सांगत होत्या. "कठडा मीच सोडला. मुद्दाम सोडला. पाणी मला झेलतंय का, बघायचं व्हतं."

"मग?" यशराजसर थक्क होऊन म्हणाले.

"न्हाय झेललं."

हीनाला हसू आवरेना. "आजी, त्यासाठी उताणं पडावं लागतं."

"मग तसं शिकव की!"

बॅच पुन्हा सुरू झाली, पण एका अटीवर. ठमाबाई पाण्यात असताना स्वरूपानंही पाण्यात उतरायचं. स्वरूपा बिचारी गुडघाभर पाण्याला भिणारी, पण उतरली.

हीनानं ठमाबाईंच्या मानेखाली आणि कमरेखाली तळवे धरले. "आभाळाकडं बघा आजी. अंग सैल सोडा." कितीतरी दिवस त्या लाकडासारख्या ताठच राहायच्या आणि बुडायला लागायच्या. एका दुपारी मात्र हीनाला तळव्यांवरचं ओझं कमी झाल्यासारखं वाटलं. तिनं एक हात काढला, मग दुसराही.

ठमाबाई पाण्यावर तरंगत होत्या. आणि छातीशी मुडपलेला तो डावा हात आपोआप खाली उतरला, पाण्यावर पसरला. बोटंसुद्धा उलगडली. बाजूच्या बायका पोहणं सोडून जवळ सरकल्या. स्वरूपानं तोंडावर हात धरला.

"पोरी," ठमाबाई वर बघत हळूच म्हणाल्या, "मला माझं वजनच लागंना बघ."

जन्मभर हीना पाण्यात वावरली होती, पण पाणी माणसाला असं उचलून घेतं, हे जणू तिला आज कळत होतं. बायका कपडे बदलून घरी गेल्या, तरी ती बराच वेळ एकटीच पाण्यात उभी राहिली.

बाहेर आल्यावर ठमाबाईंचा हात पुन्हा मुडपतो. जमिनीवर अजून काठी लागते. पण उथळ बाजू त्या आता कुणाचा आधार न घेता चालून पार करतात. हीनाच्या बॅचमध्ये आता नव्या बायकांना जागा मिळत नाही. स्वरूपा तर हल्ली खोल बाजूला सूर मारते आणि ठमाबाई काठावरून ओरडतात, "आगं ये भवाने, अलीकडं ये! सैपाक कोण करणार?"