पऱ्हाटीचा आडोसा

त्या बागेतलं वांगं मी कधी खाल्लं नाही. घरच्यांना वाटायचं मला खाज सुटते. मीही तसंच वाटू दिलं. खरं कारण तोंडाने सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहून ठेवते.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेची गोष्ट. जामच्या चौकापासून थोडं आत, सडकेला लागून आमचं गाव. गावामागे नाल्याच्या काठाला एक मोठी मोकळी जागा होती. बोरीची झुडपं, तरोटा, आणि सगळ्या गावच्या बायांची ती गोदरी, म्हणजे परसाकडची जागा. पहाटे उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवेलागणीला आम्ही टमरेल घेऊन तिथे जायचो. घाण तर होतीच. पाय बघून टाकावा लागे, डुकरं पाठीमागे येऊन उभी राहत, पावसाळ्यात तर नाक धरूनही उपयोग नसे. माहेरीही असंच होतं, तरी मला रोज नव्याने किळस यायची.

पण एक होतं. घरात मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून हो आणि नाही एवढंच बोलायची. सासरे, भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, यांच्यासमोर तर तेही नाही. तिथे अंधारात मात्र बोलता यायचं. कोणाला दिवस गेले, कोणाचा नवरा पिऊन आला, सगळं तिथेच कळे. घरात खेकसणारी माझी सासू तिथे अशा नकला करायची की मी हसून हसून टमरेल सांडायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर भासऱ्यांनी आणि गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं की त्या जागेवर गावाची बाग करायची. घरटी एकाने राबायचं, जवळच्या विहिरीवरून पाणी घ्यायचं, भाजी सगळ्यांनी वाटून घ्यायची. त्यांनी झुडपं तोडली, नांगर घातला, बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. ज्या दोन भावकींतले लोक वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात जात नव्हते, ते एका वाफ्यावर वाकलेले मी डोळ्यांनी पाहिले. ते खोटं नाही. पण जागेबद्दल बोलताना सगळे म्हणायचे, "पडीक होती." तिथे कोण जात होतं हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. आम्हीही लाजेने बोललो नाही.

शेवटी माझ्या मोठ्या जावेने आपल्या नवऱ्याला, म्हणजे भासऱ्यांनाच, चुलीजवळ विचारलं, "अवो, मंग आता बायांनं कुठं जावं?"

ते भाकरी मोडत म्हणाले, "एवढं गाव पडलं आहे. जा न कुठंही. जेवताना काऊन घाण बोलून राह्यली?"

मग आम्ही सडकेच्या कडेला जाऊ लागलो. दुसरी मोकळी जागा नव्हतीच. सडकेने हैदराबादकडचे ट्रक यायचे. लांबून उजेड दिसला की सगळ्यांनी उठून पाठ करून उभं राहायचं, ट्रक गेला की पुन्हा बसायचं. काही डायव्हर मुद्दाम हळू करायचे, भोंगा वाजवायचे, एक तर बॅटरी मारून खदाखदा हसला. त्या हसण्याचा आवाज मला अजून अंगावर शेण पडल्यासारखा वाटतो.

जाऊ म्हणायची, "उठ-बैस, उठ-बैस. माय व, शाळेत नाई गेली मी, पण कवायत पक्की झाली."

मी हसायची नाही. मला दिवस गेले होते, पोट मोठं झालं होतं, उठताना जावेचा हात धरावा लागे. मी संध्याकाळी पाणी पिणं सोडलं, मग जेवणही अर्धं केलं. पोट दगडासारखं कडक राहायचं.

इकडे बाग फळाला आली. काय ती वांगी! एकेक नारळाएवढं, काळंभोर, चकचकीत. भासऱ्यांनी घरचा वाटा आणून अंगणात ओतला.

"पाहा. खत नाई, औषध नाई. माती कशी लोण्यासारखी आहे तिथली!"

सासू गंभीर तोंड करून म्हणाली, "होय न बापू. किती वर्षांची मेहनत आहे बायांची."

ते काही समजले नाहीत. जाऊ पदरात तोंड खुपसून आत पळाली. मला भाजी चिरायला बसवलं. विळीवर वांगं ठेवलं, आतला पांढरा गर उघडला आणि मी तिथेच ओकले. पुरुषांनी मिटक्या मारत तीच भाजी खाल्ली, बोटं चाटली. मला त्यांच्याकडे पाहवेना. घाणीपेक्षा ती चाटलेली बोटं मला जास्त घाण वाटली.

माघातल्या एका संध्याकाळी ट्रक अचानक वळणावरून आला. मी घाईने उठले, लुगडं पायात आलं आणि सडकेकडेच्या खड्ड्यात गेले. खड्ड्यात सगळ्या गावची घाण होती. हात कोपरापर्यंत माखले. बायांनी ओढून बाहेर काढलं. पोटात कळ आली, तशी सगळ्यांनी मला धरून घरी आणलं. सासूने न्हाणीत मला स्वतःच्या हाताने धुतलं, केसांतून, नखांतून. मग माझ्या पोटावर हात ठेवून बसून राहिली, बाळ हललं तेव्हा उठली.

सकाळी ती सरळ बागेत गेली. जाऊ तिच्या मागे होती, तिनेच मला सांगितलं. पुरुष पाणी देत होते. सासू म्हणाली, "नाल्याकडून डुकरं शिरते, वांगे नासवते. आम्ही बाया पऱ्हाटीचं कुंपण घालून देतो. दुहेरी."

भासरे म्हणाले, "दुहेरी कायले?"

"एकेरीतून डुकरांले दिसते बापू."

कापूस निघून गेला होता, शेताशेतांत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटून पडल्या होत्या. प्रत्येक घरची बाई डोक्यावर मोळी घेऊन आली. काड्यांच्या, माणसाच्या गळ्याइतक्या उंच दोन भिंती उभ्या राहिल्या, मधे एक लांब गल्ली. नाल्याकडून तिचं तोंड. पुरुष खूश झाले. आता बायाही बागेला आल्या म्हणाले.

त्या संध्याकाळपासून आम्ही गल्लीत जाऊ लागलो. सुख म्हणावं असं नव्हतं. जागा अरुंद, वारा नाही, माशा तोंडावर बसायच्या, आणि चैत्र लागल्यावर त्या काड्यांत वास असा कोंडायचा की डोळ्यांत पाणी यायचं. पण उजेड आला की उठावं लागत नव्हतं. मी पुन्हा पोटभर पाणी पिऊ लागले.

मुलगी झाली. ती सव्वा महिन्याची असताना तालुक्याचे साहेब जीपने बाग पाहायला आले. भासरे त्यांना कुंपणापर्यंत घेऊन गेले. "हे आमच्या महिलांनी बांधलं. एकजूट पाहा." साहेबांनी मान हलवली, नाकाला रुमाल लावला आणि खत चांगलं कुजलेलं दिसतं म्हणाले. मग त्यांच्या जीपमध्ये वांग्यांची टोपली भरून ठेवली.

आम्ही साऱ्या बाया एका रांगेत तोंडाला पदर लावून उभ्या होतो. सासूचे खांदे हलत होते. मी त्या टोपलीकडे पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, "फार लाजतात हो तुमच्याकडे."