घोड्याले सांगा लागते

श्री. मनोहरराव कापगते यांना मी प्रथम पाहिलं ते भिलाईच्या तरणतलावाच्या काठावर. त्या वेळी मी कारखान्याच्या लेखा विभागात नवीन होतो आणि आमच्या कचेरीत माझ्याइतकं जोरात पोहणारं कोणी नाही, अशी माझी समजूत होती. त्या संध्याकाळी शेजारून कोणीतरी पोहत असल्याचं मला जाणवलं, म्हणून मी जीव तोडून हात मारले. पलीकडच्या काठाला हात लावून वर पाहतो तो एक सावळे, काटक गृहस्थ आधीच पोचून केस पुसत बसलेले. "पानी मस्त हाय, नाई का?" असं त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात जी भावना आहे, तिला अशा गौरवग्रंथात आदर म्हणतात. घरी मी तिला जळफळाट म्हणतो.

मनोहरराव मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले. गावच्या तलावात पोहायला शिकलेले. काही वर्षं सैन्यात काढून ते आमच्याच कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये लागले आणि येताना एक चमत्कारिक खेळ सोबत घेऊन आले. मॉडर्न पेंटॅथलॉन, म्हणजे तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं, हे पाचही एकाच माणसानं करायचं. आमच्या सेक्टर दोनच्या वसाहतीत हे नाव कोणालाच झेपेना. माझी आई त्याला सरळ 'पाचखेळ' म्हणे. मी पोहतो आणि बंदूकही बरी चालवतो, हे कळल्यावर मनोहररावांनी मला या पाचखेळात ओढलं. हाती असलेलं सगळं शिकवून स्वतःचा प्रतिस्पर्धी तयार करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर निम्मं हातचं राखलं असतं.

चार खेळांची सोय झाली. घोडा मात्र कुठून आणणार? सैन्यात मनोहररावांनी घोडेस्वारी पाहिली होती, पण त्यांना वर बसायला कोणी दिलं नव्हतं. अखेर त्यांनी दुर्ग स्टेशनच्या अड्ड्यावरून मोती नावाचा टांग्याचा घोडा रविवारपुरता मिळवला. टांगेवाल्यानं बजावलं, "बाबूजी, सवारी बैठे बिना ये हिलता नहीं. पीछे लकड़ी पे थाप मारके बोलना पड़ता है, चलो, बैठ गए!" आम्हाला वाटलं तो चेष्टा करतो आहे. पण रुआबांध्याच्या मोकळ्या मैदानात मोती खरोखरच खांबासारखा उभा राहिला. मी टाचा मारल्या, लगाम ओढला, शिव्याही दिल्या. मग मनोहरराव चढले, खोगिराच्या मागच्या बाजूवर थाप मारून शांतपणे म्हणाले, "चलो, बैठ गए!" आणि मोती निघाला. "अरविंदा," ते मला म्हणाले, "आपुन बसलो हे त्याले काय मालूम? घोड्याले सांगा लागते."

हे वाक्य त्यांच्या अंगवळणीच पडलं. पाण्यात उडी घेण्याआधी, तलवार उचलण्याआधी ते मांडीवर थाप मारून "चलो, बैठ गए" म्हणत. मिलमधली माणसंही पाळी सुरू होताना तसंच म्हणू लागली. माझ्या वाक्याचं असं कधी झालं नाही.

मग राज्याच्या संघाची निवड चाचणी आली. आमच्यासाठी जागा एकच होती आणि ती मला हवी होती. किती हवी होती ते सांगतो: आदल्या आठवड्यात मी मनातल्या मनात त्यांचा पाय मुरगाळून पाहिला होता. पोलिसांचे घोडे उशिरा मिळणार होते, म्हणून घोडेस्वारी शेवटी ठेवली होती. पोहण्यात ते पुढे, नेमबाजीत आणि तलवारीत मी, धावण्यात उन्नीस-बीस. चार खेळ संपले तेव्हा मी थोडासा का होईना, पुढे होतो!

या खेळात घोडा स्वतःचा नसतो. चिठ्ठीत निघेल तो घ्यायचा. मला उंच, तकतकीत काळा घोडा मिळाला आणि त्यांना एक म्हातारी, तिरसट घोडी. मी आधी निघालो. पहिला अडथळा पार झाला आणि दुसऱ्यापाशी घोडा अडला. वळवून आणला, पुन्हा अडला. माझं अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. तेवढ्यात कुंपणाच्या फळीवर जोरात थाप पडली आणि आरोळी आली, "चलो, बैठ गए!" मला हसू फुटलं. अंग सैल पडलं, लगाम ढिला झाला आणि घोड्यानं सुरेख उडी मारली. पंचांना वाटलं, कोणी टांगेवाला ओरडला.

त्यानंतर मनोहरराव त्या घोडीवर बसले, थाप मारली आणि एकही अडथळा न चुकवता परत आले. संघात ते गेले. पुढे वर्षानुवर्षं जात राहिले, पदकं आणली. नुसतं हरवलं असतं तर मी विसरलो असतो. त्यांनी मला मदत करून हरवलं, हे मला आजही पचलेलं नाही.

आमच्या घरीही तेच. ते दिसले नाहीत की आई विचारायची, "मनोहर कावून नाई आला? तू काही बोलला का त्याले?" तिच्या शेवटच्या आजारात माझ्या हातचं पाणी ती नको म्हणे, मिलमधून थेट आलेल्या मनोहररावांनी कप पुढे केला की निमूट चहा घेई. तेव्हा मी त्यांच्यावर जळलो आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

आता आम्ही दोघे भिलाईच्याच नेहरू नगरात शेजारी राहतो. गेल्या वर्षी मनोहररावांना हृदयाचा त्रास झाला. बरे झाल्यावर पहिल्यांदाच आम्ही सकाळी फिरायला निघालो तर वाटेत ते थांबले. पुलाचा कठडा धरून म्हणाले, "तू चाल समोर. माह्यानं आता नाई होत." एवढी वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो, तो असा आला होता. रस्ता मोकळा, आणि मी पुढे. मला एक पाऊल टाकवेना. मी मागे फिरलो, कठड्यावर थाप मारली आणि म्हणालो, "चलो, बैठ गए!"  ते हसले, आणि हळूहळू चालू लागले.

घराच्या फाटकाशी ते माझ्याआधी पोचले.

मनोहरराव आज साठ वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना मी मनापासून आणि निव्वळ स्वार्थानं करतो. दमलेल्या माणसाला मागे टाकून मी काय मिळवणार? मला धडधाकट मनोहरराव हवेत, रोज सकाळी माझ्यापुढे चालणारे.