कागदाची सवत

माझ्या नवऱ्याचं मन एका जपानी चित्रावर बसलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. सवत असावी तर निदान बाई तरी असावी. माझी कागदाची होती, आणि तीही जेमतेम हातभर.

मी प्रदर्शनांची प्रकाशयोजना करते. शिडीवर चढायचं, छताच्या पट्टीवर दिवे अडकवायचे, ते तसूतसूने फिरवायचे, मीटर धरून उजेड मोजायचा आणि खाली उतरायचं. लोक चित्र बघतात. दिव्याकडे कुणी बघत नाही, आणि तसंच असायला हवं, असं मी ऑफिसात नव्याने आलेल्यांना मोठ्या ऐटीत सांगते.

घरच्या माणसाने मात्र बघावं असं मला वाटायचं. आम्ही दोह्याजवळच्या मेसईदला कंपनी क्वार्टरमध्ये राहतो. नवरा तिथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर असतो. निळ्या काचेतून वितळलेलं पोलाद बघून नुसत्या रंगावरून ते किती तापलंय हे सांगणारा माणूस तो. पण एकदा मी हॉलमधले सगळे दिवे बदलले, तर आठ दिवसांनी विचारतो, "पडदे नवीन घेतलेस का?" चौदा वर्षांच्या संसारात माझ्या कामाबद्दल त्याने धड एक प्रश्न विचारला नव्हता. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तशातली गत.

मागच्या हिवाळ्यात दोह्यातल्या एका कलादालनात जपानी कलेचं प्रदर्शन आलं. विषयच प्रकाश. शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडी ठशांच्या चित्रांपासून आजच्या कलाकारांपर्यंत सगळं होतं. एका खोलीत पातळ कागदाच्या भिंतींमागे उजेड इतका सावकाश वाढायचा, की तो कधी वाढला ते कळायचंच नाही. काळ्या लाखेची एक मोठी फळी होती. आपण चालू तशी तिच्यावरची चमक आपल्याबरोबर चालायची. सहा आठवडे मी या सगळ्यावर राबले. पहिल्या शनिवारी नवऱ्याला आणि लेकीला घेऊन गेले. आज तरी हा काहीतरी बोलेल, अशी आशा होती.

तो भराभरा सगळं ओलांडून गेला आणि एका लहानशा ठशाच्या चित्रापाशी थबकला. तिन्हीसांजा, बर्फ, उजवीकडे एकच घर आणि त्या घराची एकच उजळलेली खिडकी. वीस मिनिटं तो हलला नाही. प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंनी आम्हाला समजावलं, की खिडकीला रंगच लावलेला नाही. आजूबाजूला निळ्याचे थरावर थर दिलेत आणि खिडकीपुरता कागद कोरा सोडलाय.

"काय माणूस असेल!" नवरा म्हणाला. "काही न करता उजेड केला त्यानं."

माझा तिळपापड झाला. काही न करता? त्या कोऱ्या कागदावर उजेड कोण पाडत होतं? जुन्या कागदाला पन्नास लक्सच्या, म्हणजे मिणमिणत्याच्या, वर उजेड द्यायचा नसतो, रंग उडतात. तेवढ्याशा उजेडात ती खिडकी जिवंत करायला मला दोन दिवस लागले होते. पण मागून घेतलेलं कौतुक मला नको होतं.

मग दर शनिवारी त्याची वारी सुरू झाली, तीही बसने, एकट्याने. घरी येऊन सांगायचा, "आत कुणीतरी स्वयंपाक करतंय असं वाटतं गं." मी पोळ्या लाटत ऐकायची. लेक म्हणाली, "आई, यू आर जेलस ऑफ अ पीस ऑफ पेपर." मी म्हटलं, "गप्प बस आणि भाजी संपव." पोरीचं काही चुकत नव्हतं.

आठव्या शनिवारी दारं उघडायच्या आधी मी तपासणीला गेले, शिडी लावली आणि तो दिवा जरासा डावीकडे फिरवला. बर्फ उजळला, खिडकी विझली. मीटर पन्नासच दाखवत होता, त्यामुळे कुणी मला बोल लावू शकलं नसतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात तो असा.

दुपारी तो आला तेव्हा मी दालनातच होते. दोन मिनिटांत पडलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे परतला.

"घरातली माणसं गेली," तो म्हणाला. "दिवा हलवलाय कुणीतरी, डावीकडे. चित्र तेच आहे, पण आधी ज्यानं उजेड केला होता तो हात हा नाही. तुमच्यातलाच कुणीतरी आडमुठा असणार. सांग ना तुमच्या साहेबाला."

चौदा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते, ते हे. सोबत 'आडमुठा'ही आला.

"मीच हलवलाय," मी म्हटलं. "आणि आधीचा हातही माझाच होता."

तो बघतच राहिला. "मग असं का केलंस?"

"तू तिच्यासमोर वीस-वीस मिनिटं उभा राहायचास. माझ्या कामाकडे कधी मान वर करून पाहिलं नाहीस."

तो रागावला नाही. लोक आत असताना शिडी लावता येत नाही, हे त्याला सांगितलं. "मग उद्या नीट कर," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी दोघं मिळून बघू."

रविवारी सकाळी शिडी घेऊन गेले तर भिंत रिकामी. असले कागद दोन महिन्यांवर उजेडात ठेवत नाहीत. उतरवून काही वर्षं अंधारात विसावू देतात. उतरवायची तारीख माझ्याच यादीत होती. जळफळाटात मी ती उघडलीच नव्हती. चित्र पेटीत बंद झालं होतं, आणि नवऱ्याने त्याला शेवटचं पाहिलं ते विझलेल्या खिडकीसकट. फोनवर मी एवढंच म्हणाले, "खलास. नेलं." तो म्हणाला, "असू दे."

त्या जागी दुसरं चित्र आलं, चंद्र आणि देवदाराचं. मी जीव ओतून दिवा लावला. शनिवारी नवरा आला. आधी मान वर करून दिव्याकडे बघितलं, मग चित्राकडे, मग माझ्याकडे.

"दिवा छान लावलायस," तो म्हणाला, आणि पुढच्या दालनाकडे निघाला. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. 'अरे, थांब ना जरा, चित्र तरी बघ,' असं ओठांवर आलं होतं, पण मान वर करून बघ म्हणून मीच तर भांडले होते.