उरलेल्या दोन अडण्या

माझ्या जुन्या अमेरिकन गाडीला नवा एक्झॉस्ट मी स्वतः बसवला, आणि बसवून झाल्यावर हातात दोन चकत्या उरल्या, त्या मी बायकोला स्वयंपाकघरात अडणी म्हणून दिल्या.

तिला आवडल्या. गरम पातेलं खाली टेकवायला अगदी बेताच्या, मधे भोक, कडेला स्क्रूची छिद्रं. "बरं झालं," शुभा म्हणाली, "त्या गाडीतून घराला पहिल्यांदाच काहीतरी मिळालं."

गाडीबद्दल ती असंच बोलायची. गाडी होती आमच्या लग्नापेक्षा जुनी, लाल, व्ही-एट इंजिनाची, अंगाने आमच्या किचनपेक्षा मोठी. अमेरिकेहून कंटेनरमध्ये बसून साउथहॅम्प्टनच्या बंदरात उतरली आणि मी तिला आणायला हार घेऊन गेलो होतो. (शुभाला आणायला हीथ्रोवर गेलो तेव्हा हार विसरलो होतो. हा मुद्दा आजही निघतो.) माझा धंदा लोकांना झोपवण्याचा. हॉस्पिटलात मी भूल देणारा डॉक्टर. दिवसभर पूर्ण शांततेत काम करणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी गडगडाट ऐकावासा वाटला, तर त्यात चूक काय? चूक होती, ती पुढे येईलच.

त्या उन्हाळ्यात लेस्टरला शुभाच्या ताईच्या मुलीचं, ऋजुताचं लग्न ठरलं. नवरा मुलगा डॅनियल. तिकडचाच, गोरा, उंच, फार गोड स्वभावाचा. इंग्लंडातच वाढलेल्या ऋजुताचा मला फोन आला.

"काका, मला तुमचा गाडी पाहिजे वेडिंगला. हॉलवर मी तुमचा गाडीतच जाणार!"

माझी छाती फुगली. पण गाडीचा जुना एक्झॉस्ट गंजून चाळण झाला होता. मी नवा मागवला. तो घरी आला त्याच शनिवारी ऋजुता आणि डॅनियल आमच्याकडे केळवणाला आले होते. घरासमोरच्या ड्राइव्हवर पसरलेले चकचकीत पाइप पाहून डॅनियलचे डोळे लकाकले. त्याचे वडील जुन्या गाड्या दुरुस्त करायचे, लहानपणापासून तो गाड्यांखालीच वाढलेला. त्याने लगेच बाह्या सरसावल्या. "मी मदत करू? एका दुपारचं काम आहे."

"छे छे!" मी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "यू आर जावई! आमच्याकडे जावयाला कामाला लावत नाहीत. तू आत जाऊन श्रीखंड खा."

बिचारा आत जाऊन श्रीखंड खात बसला. खिडकीतून मात्र टक लावून माझ्याकडे बघत होता. दोनदा तो काहीतरी सांगायला उठला, दोन्हीदा सासूबाईंनी त्याला आणखी वाढलं.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या साताऱ्याहून खास नातीच्या लग्नासाठी आल्या होत्या आणि आमच्याकडेच उतरल्या होत्या. जावई म्हणजे साक्षात विष्णू, या मताच्या त्या शेवटच्या शिलेदार. लग्न झाल्यापासून त्या मला कधी एक शब्द वाकडा बोलल्या नव्हत्या. माझ्या पानात पहिली पोळी, पहिलं तूप, आणि मी काहीही बरळलो तरी, "जावईबापू म्हणतात म्हणजे असेलच." शुभाचा यावर फार जळफळाट. "आई, तू यांना डोक्यावर बसवलंयस!" त्यावर सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "मग जावयाला काय पायाशी बसवायचं?"

त्या आल्या होत्या एका कामासाठी. पहिल्या नातीचं मंगलाष्टक त्यांनी स्वतः रचलं होतं आणि ते त्या स्वतः म्हणणार होत्या. सगळा हिवाळा त्या त्यावर खपल्या होत्या. डॅनियल हे नाव वृत्तात बसेना, म्हणून त्यांनी त्याला डॅनी करून टाकलं.

"डॅनीला वरि ही ऋजूच अमुची, लेस्टर्पुरीं सोहळा..."

"आई, 'ऋजूच' का? दुसरी कोणी मागे लागली होती का त्याच्या?" शुभाने विचारलं.

"एक अक्षर कमी पडत होतं. तू गप्प बस!"

भाजी निवडताना, पोळ्या लाटताना त्यांचं हेच चालू. एकदा मला म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या लग्नात माझ्या आजीने म्हटलं होतं. ऋजूच्या लग्नात आपण म्हणायचं, एवढीच इच्छा राहिलीय बघा." मी म्हणालो, "अगदी वाजत-गाजत होईल!"

शब्दशः हेच म्हणालो होतो!

तर मी पाइप जोडले, बोल्ट आवळले, आणि बाहेर आलो तेव्हा त्या दोन चकत्या उरल्या. एखाद्या माणसाने विचार केला असता, की बाबा, या का उरल्या? मी विचार केला नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर वरून घालावी तशा कंपनीने दोन जास्तीच्या घातल्या असतील, असं माझं मराठी मन म्हणालं. वरची कोथिंबीर कोणी परत करतं का?

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं साउथहॅम्प्टनहून निघालो. गाडी सुरू केली आणि समोरच्या घराचा बर्गलर अलार्म वाजू लागला. मोटरवेवर लागल्यावर आणखी एक गंमत कळली. ॲक्सिलरेटरवर पाय असेपर्यंत नुसता गडगडाट. पाय उचलला, की मागून धाड! धाड! धाड! लक्ष्मीपूजनच!

"अहो, हे काय?" शुभा ओरडली.

"परफॉर्मन्स एक्झॉस्ट आहे! असाच असतो!"

"काय?"

"असाच असतो!"

"काय?"

मागच्या सीटवर सासूबाईंचा सराव चालू होता. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून त्या मोठ्याने म्हणू लागल्या. गाडीने वेग घेतला, त्यांनी वरची पट्टी घेतली. ऑक्सफर्डपर्यंत दोघी बरोबरीत होत्या. लेस्टर येईपर्यंत गाडी जिंकली. उतरल्यावर सासूबाईंच्या घशातून नुसती हवा येत होती. रात्रभर हळदीचं दूध, ज्येष्ठमध, गुळण्या. सकाळी जेमतेम एक चिरका आवाज परत आला.

"आई, गाडीमुळे झालं ना हे?" शुभाने माझ्याकडे बघत विचारलं.

"हवा बदलली की होतं गं," सासूबाई म्हणाल्या. जावयाच्या गाडीला दोष? प्राण गेला तरी नाही!

ऋजुताला मी हॉलवर घेऊन गेलो. रस्त्यातली माणसं कानावर हात ठेवून हसत होती. शालूतली नवरी खूश होती. "काका, एव्हरीवन इज लुकिंग!" मी गाडी ऐटीत अगदी दारासमोर लावली.

लग्नात माझ्याकडे एक मानाचं काम होतं. डॅनियलकडच्या पाहुण्यांना विधी समजावून सांगणं. मी माइक घेऊन इंग्रजीत सांगितलं, "गुरुजी 'सावधान' म्हणाले की चिमूटभर तांदूळ टाका. आणि सगळ्यात शेवटी एकदम मोठा आवाज होईल. तो झाला की लग्न लागलं! उरलेले सगळे तांदूळ उधळा, टाळ्या वाजवा, आणि मग जेवण!" मोठा आवाज म्हणजे सनई-चौघड्याची सीडी. तिचं बटण दाबायला नवरीचे वडील, म्हणजे माझे साडू, स्पीकरपाशी बोट रोखून उभे होते. आपल्या मंडळींना काही सांगायची गरजच नव्हती. वाजंत्री वाजली की पंगतीकडे धाव घ्यायची, हे आपण आईच्या पोटातून शिकून येतो.

अंतरपाट धरला गेला. गुरुजींची मंगलाष्टकं झाली. मग सासूबाई हळूहळू उठल्या, पदर सावरला, माइकसमोर उभ्या राहिल्या. हॉल शांत झाला. नेमका त्याच वेळी केअरटेकर माझ्या खांद्याशी आला. "सर, ती लाल गाडी तुमची? फायर एक्झिट अडलंय. आत्ताच्या आत्ता हलवा."

"पाच मिनिटं..."

"आत्ता, सर. नाहीतर मला कार्यक्रम थांबवावा लागेल."

कार्यक्रम थांबू नये म्हणून मी गेलो. (पुढे काय झालं हे कळल्यावर हे वाक्य पुन्हा वाचा.)

मी गाडी इतक्या हळुवारपणे सुरू केली, की ऑपरेशन थिएटरमध्येही कोणाला जाग आली नसती. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचाच नाही, असं ठरवलं होतं. पण पार्किंग संपतं. समोर भिंत येते. भिंत आली की माणूस पाय उचलतो.

धाड! धाड! धाडधाडधाड!

हॉलच्या विटांवर आपटून प्रत्येक आवाज दुप्पट होऊन परत आला. मी इंजिन बंद केलं आणि धावत आत शिरलो.

आत सनई-चौघडा वाजत होता. माझ्या साडूंनी पहिल्याच धाडला दचकून बटण दाबलं होतं. इंग्रज पाहुण्यांनी माझी सूचना तंतोतंत पाळली होती. मोठा आवाज झाला, तांदूळ उधळले, आता उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपली मंडळी टाळ्यांत वेळ न घालवता बुफेच्या रांगेत पोचली होती. मसालेभाताचं झाकण उघडलं होतं. मध्ये स्टेजवर अंतरपाट तसाच धरलेला. त्याच्या एका बाजूला डॅनियल, दुसऱ्या बाजूला ऋजुता, दोघांच्या हातात हार. आणि माइकसमोर सासूबाई, दुसऱ्या ओळीवर तोंड उघडं राहिलेल्या.

डॅनियलच्या एका काकांनी माझा हात हातात घेतला. "ब्रिलियंट सेरेमनी, मेट! आणि किती शॉर्ट!"

"लग्न लागलं नाहीये अजून!" मी ओरडलो. सीडी बंद केली. "सगळे परत या! परत या!"

इंग्रज लोक लगेच आले. आपल्यातले एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, आता वाढून घेतलंय हो. इथूनच आशीर्वाद देतो की!" त्यांना मी दंडाला धरून आणलं. बरेच जण प्लेटा घेऊनच आले.

सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पण मघाशी उरलासुरला आवाज त्या स्फोटांवर मात करण्यात संपला होता. ओठ हलत होते, माइकमधून नुसती खरखर. मी पहिल्या रांगेत होतो म्हणून मला "लेस्टर्पुरीं" एवढं ऐकू आलं. सगळा हिवाळा खपून केलेली ती ओळ, आणि मागे कुणीतरी पापड मोडत होतं. माझी मान वर होईना.

"सावधान!" शेवटी गुरुजींनीच मोठ्याने म्हटलं. अक्षता कुणाकडेच राहिल्या नव्हत्या. डॅनियलच्या त्या शिस्तशीर काकांनी क्षणभर हातातल्या प्लेटकडे पाहिलं, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून मसालेभाताची चिमूट उधळली. बाकीच्यांनी त्यांचं पाहून तेच केलं. लग्नाच्या फोटोत डॅनियलच्या मुंडावळ्यांत काजू अडकलेला आहे. काजू नीट दिसावा म्हणून त्याने तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय.

"गाडीचं काय झालं हो?" सगळे मला विचारत होते.

"जुनी आहे ना. थंडीत असं होतं," मी म्हणालो. महिना जुलै होता. पाहुण्यांनी घामाने थबथबलेले रुमाल हातात धरून मान डोलावली. सासूबाई खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू म्हणतात म्हणजे असेलच."

हे मात्र फार लागलं.

पुढच्या रविवारी नवं जोडपं आमच्याकडे जेवायला आलं. सासूबाईंचा आवाज परत आला होता, आणि त्यांनी पुरणपोळीचा घाट घातला होता. माझ्या पानात नेहमीप्रमाणे पहिली पोळी पडली, वर तुपाची धार. डॅनियलने कटाची आमटी घ्यायला पातेलं उचललं. आणि तसाच थांबला. पातेलं हवेत, नजर टेबलावर. मग त्याने भाताचं पातेलंही उचलून खाली पाहिलं.

"अंकल," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "या... एक्झॉस्टच्या गॅस्केट्स आहेत का?"

मी पुरणपोळीत तोंड घातलं.

"काय म्हणतोय डॅनी?" सासूबाईंनी विचारलं.

ऋजुताने भाषांतर केलं. "आजी, तो म्हणतो हा गोल गोष्ट गाडीत असतो. दोन पाइपच्या मध्ये. हा नसला तर गाडी बँग-बँग करतो." मग तिच्या लक्षात आलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "ओह. ओह, काका!"

शुभाने एक अडणी उचलली, छिद्रातून माझ्याकडे पाहिलं, आणि परत ठेवली. सासूबाईंनी हात पुसले. डॅनियलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून माझ्यासमोरचं ताट उचललं, पोळी-तुपासकट, आणि डॅनियलपुढे ठेवलं.

"आता घरात नवा जावई आलाय," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तुम्ही उठा. सिंकमध्ये पातेली पडलीत, ती घासायला घ्या. आणि घासून झाल्यावर हातात काही उरलं, तर कुठे ठेवून देऊ नका. आधी डॅनीला दाखवा."