बनाबाईंनी दोन दवाखाने पालथे घातले त्याची गोष्ट

तीन बाळंतपणांत बनाबाईंचे अकरा दात गेले. कडेगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. सासू म्हणायची, "दर पोरामागं दात जायचाच." पुढं उरलेलेही पडले. ऊस सोलून खायची हौस असलेली बाई पंचेचाळिशीतच भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली.

म्हणून सून संयोगिता पाचव्या महिन्यात दात घासताना लाल थुंकली, तेव्हा बनाबाईंच्या काळजात चर्र झालं. मुलगा शिवतेज फौजेत, लांब सीमेवर. शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "त्यात काय एवढं? पोटुशीच्या हिरड्या सुजत्यातच. मिश्री लाव म्हणावं."

"सुजत्यात म्हणून सडू द्यायच्या व्हय?" बनाबाई कडाडल्या.

दुसऱ्याच दिवशी त्या सुनेला घेऊन कडेगावच्या दातांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी तोंडात बघितलंसुद्धा नाही. "गरोदर आहे ना? बाळंतपण होऊ द्या, मग या."

"चार महिनं तिनं रगत गिळत बसायचं? पोटाला काय खायचं तिनं?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

बनाबाईंचं डोकं फिरलं. घरी न जाता त्यांनी सुनेला थेट पलूसच्या एसटीत बसवलं. तिथल्या दातांच्या डॉक्टर ज्ञानदांनी हिरड्या नीट तपासल्या. दातांच्या मुळाशी साचलेलं कीटण काढायला हवं, म्हणाल्या. गरोदरपणात ते करता येतं, आणि पाचवा महिना तर त्याला सोयीचाच. साफ करता करता मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मिश्री लावतेस?"

संयोगितानं सासूकडं चोरून बघत मान खाली घातली. "हिरड्या ठणकायच्या म्हणून... आत्यांच्या डबीतली."

"त्यात तंबाखू असते. हिरड्यांनाही वाईट, बाळालाही."

बनाबाईंना वाटलं, कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारली. चाळीस वर्षं त्या रोज सकाळी तीच डबी उघडत होत्या. "मला कवा कुणी सांगितलं न्हाई हे," त्या पुटपुटल्या. मग आवाज चढला, "तीन पोरं झाली माझी! एक तरी माणूस बोलला का?"

घरी येताच त्यांनी डबी उकिरड्यावर रिकामी केली. स्वतःची तलफ सुटायला दोन महिने लागले. चिडचिडीनं सगळं घर हैराण झालं. संयोगिता मऊ ब्रशनं दोन वेळा दात घासू लागली आणि तीन आठवड्यांत रक्त थांबलं. पुढं मुलगी झाली, सृष्टी.

पण बनाबाईंचा राग काही निवला नाही. अंगणवाडीत गरोदर बायांची तपासणी होती, तिथं त्या नर्सबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "वजन बघता, रगत बघता, पोट बघता. त्वांड कोण बघणार?"

"कार्डावर तसा रकानाच नाही, मावशी."

"मग हातानं आखा!"

नर्सबाई कार्डं आवरू लागल्या. भिंतीकडेला बसलेल्या दोघी मात्र उठून आल्या. एकीनं हळूच ओठ वर करून सुजलेली हिरडी दाखवली.

बनाबाई म्हणाल्या, "उद्या पलूसच्या नऊच्या एसटीला या. मी हाय संगट."